नदीकाठी पडलेली ती सडकी लाकडे नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेला मांडवीचा काठ सुशोभित करायचा असेल, तर तिथे पडलेली सडकी लाकडे आधी उचला, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले होते. पत्र तळमळीने लिहिलेले आहे. बाटल्या, थर्मोकोलचे डबे, गंजून अर्ध्या बुडालेल्या बार्ज यांच्याविषयी त्यांनी लिहिले ते अक्षर न् अक्षर मान्य. पण ज्यांना त्यांनी सडकी लाकडे म्हटले, त्यांतली दोन माझ्या ओळखीची आहेत. एक आहे रांपणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढायच्या मासेमारीची, जुनी होडी, दुसरे अख्ख्या खोडातून कोरून काढलेले लहान होडके. दोघांची चित्रे माझ्या वहीत आहेत. म्हणून हे पत्र.

मी चोडण बेटावरची. शाळेत चित्रकला शिकवत होते आणि शाळा पणजीच्या बाजूला, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षे चोडण-रायबंदर फेरीबोटीवर गेली. धक्क्यावर लोक घड्याळ बघत, मी पेन्सिल काढीत असे. समोर दिवाडीचा काठ, मधे खनिजाच्या बार्ज, खारफुटीत घुसलेली एखादी होडी. मुलांना मी घर द्यायची, माड द्यायची, मंदिराची दीपमाळ द्यायची. होडी मात्र दहावीपर्यंत राखून ठेवायची. होडीत सरळ रेषा नसते. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत जाणारी वरची कड मध्यावर किंचित बसलेली असते. ती जरा जास्त वाकवली की कागदावर केळे तयार होते, आणि कमी वाकवली तर होडी वाटतच नाही. ही कड काढता येते त्याला चित्र येते, असे मी मुलांना सांगायची, आणि आजही माझे मत तेच आहे. ही रेषा कागदावर कोणी आखून दिलेली नसते. मेस्त, म्हणजे होडी बांधणारा सुतार, ती नजरेने धरतो, फळी वाकवून बघतो, मागे जाऊन एक डोळा मिटतो, परत येऊन वाकस, म्हणजे तासायचे हत्यार, चालवतो.

पत्रलेखकांनी होड्या बहुधा गाडीतून, भरतीच्या वेळी पाहिल्या असाव्यात. भरतीला होडीचा वरचा तिसरा भागच दिसतो. होडी पाहायची ती सुकतीला. पाणी उतरले, चिखल उघडा पडला की तिचे पोट दिसते, आणि ती कशासाठी बांधली ते पोट सांगते. सपाट पोटाची उथळ खाडीत फिरणार, रेती-शिंपल्यांची ओझी घेणार. खाली निमुळती होत गेलेली लाटांना तोंड देणार. उलांडीवाली समुद्रकाठची, बाजूला बांधलेला तो लाकडी ओंडका तिला कलंडू देत नाही. रायबंदरचा रस्ता यासाठी फार चांगला. व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ मध्ये हा लांबच लांब पूल मिठागरांच्या कडेने बांधला गेला आणि अजून त्यावरून बसगाड्या धावतात. एका हाताला मीठ, दुसऱ्या हाताला नदी. जुन्या गोव्याचा फेरी धक्का, बेतीचा काठ, मालीमची मासेमारी जेटी याही जागा चांगल्या. मालीमला जून-जुलैत मासेमारी बंदीच्या दिवसांत जावे, सगळे ट्रॉलर एकमेकांना चिकटून उभे असतात आणि त्यांच्या नाळांवरची नावे सावकाश वाचता येतात. देव, संत, मुलीबाळी, सगळी नावे एका ओळीत.

आता त्या रांपणीच्या होडीकडे येते. रांपण म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. होडीने जाळ्याचा मोठा फेर समुद्रात टाकायचा आणि दोन्ही टोके वाळूवर उभ्या माणसांनी ओढत आणायची. ही होडी लाटा फुटतात तिथूनच आत जाते आणि तिथूनच वाळूवर आपटत बाहेर येते. खिळ्यांनी घट्ट ठोकलेली फळी अशा आपटण्याने तडकते. म्हणून ही होडी शिवलेली असते. फळ्यांच्या कडांना गिरमिटाने जवळजवळ भोके पाडायची, दोन फळ्यांच्या सांध्यावर सोडणाच्या काथ्याचा जाड पट्टा ठेवायचा आणि सुंभाने आडवे-उभे टाके घालून तो आवळायचा. मग भोकांत काथ्या ठोकायचा आणि राळ-तेलाचा लेप. काजूबियांच्या टरफलाचे तेलही जुने लोक लाकडाला लावत. हाताला लागले तर कातडे जाते, पण किडा लाकडाला शिवत नाही. अशी होडी लाटेखाली जराशी हलते, सांध्यांत देते-घेते, आणि शाबूत राहते. टाका सैल झाला तर तो तेवढा काढून नवा घालायचा.

पत्रातली होडी कोणे एके काळी समुद्रावरून पावसाळ्याच्या आसऱ्याला नदीत आणली गेली. मालकाच्या मुलांनी पुढे फायबरची होडी घेतली, तिला मागे इंजिन लावले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. फायबर गळत नाही, दरवर्षी तेलपाणी मागत नाही, आणि शिवायला माणसे कुठून आणायची? जुनी होडी तिथेच राहिली. दिवाडीच्या एका म्हाताऱ्या मेस्ताला मी ती दाखवायला घेऊन गेले होते. त्याने सुरीचे टोक ठिकठिकाणी खुपसून पाहिले, वाकसाच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "टीचर, सकयलें फळें गेलां, वयलें घट आसा." खालची फळी गेली, वरचे घट्ट आहे. मग त्याने मला टाक्यांची एक ओळ दाखवली. सुंभ कुजून गळून पडले होते, पण भोकांची रांग वीतभर अंतरातही इकडची तिकडे झालेली नव्हती. कोणी केले हे, असे मी विचारले तर त्याने नुसते खांदे उडवले.

आता याच दिवाडी बेटावर गेल्या काही वर्षांत काय घडले तेही पाहा. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. त्या चित्रावरून तसेच शिवलेले जहाज बांधायचे, असा करार २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि होडी इनोव्हेशन्स ही नौका बांधणारी कंपनी यांच्यात झाला. काम गोव्यात झाले. बाबू शंकरन या केरळच्या कारागिराच्या हाताखाली केरळहून आलेल्या माणसांनी फळ्या सुंभाने शिवल्या, वर राळ लावली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले. २१ मे २०२५ रोजी कारवारला त्याचे 'कौंडिण्य' असे नाव ठेवून नौदलात घेतले गेले. शिडांवर गंडभेरुंड हा दोन तोंडांचा पक्षी आणि सूर्य, नाळेवर सिंहयाळी हा सिंहासारखा काल्पनिक प्राणी. चित्रकार म्हणून सांगते, भिंतीवरच्या रंगातून जहाज वाचणे हे सोपे काम नव्हे. लेण्यातल्या चित्रकाराने बांधणीचा नकाशा काढलेला नाही, त्याने जहाज दिसते तसे काढले. मागची बाजू, पोट, आतली बैठक हे सगळे शोधून काढावे लागते.

त्या वेळी वर्तमानपत्रांतून फोटो आले, आपल्याही दैनिकात आले. आम्ही सगळ्यांनी अभिमानाने पाहिले. आणि तेवढ्याच काळात, त्याच नदीच्या काठाला, आपल्याच किनाऱ्यावरची शिवलेली होडी चिखलात पडून होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. शिवणारे हात आपल्याला केरळहून आणावे लागले. बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांना माझा नमस्कारच आहे. पण ही गोष्ट मला टोचते, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

दिवाडीच्याच अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या 'म्हादई' आणि 'तारिणी' या दोन शिडाच्या नौका तर आता शाळेच्या मुलांनाही ठाऊक असायला हव्यात. वेरें येथील आयएनएस मांडवी हा नौदलाचा तळ त्यांचे घर. सफरीवर नसल्या तर त्यांच्या डोलकाठ्या लांबूनही ओळखू येतात. नदीतल्या दुसऱ्या कोणत्याही नौकेची काठी तेवढी उंच आणि बारीक नाही. म्हादई छप्पन फुटांची, आराखडा हॉलंडचा, आत लाकूड, बाहेर फायबर ग्लास. तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. तारिणीवरून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गेल्या, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच. दोघीच! दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या, केप हॉर्नच्या खालून. त्या २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस परत आल्या, तेव्हा आमच्या फेरीबोटीवर कोणीतरी मोबाइलवर ते दाखवत होते आणि शेजारी उभी मासळीवाली म्हणाली, इतके दिवस जेवण कोण करायचे? प्रश्न अगदी बरोबर होता.

याच शिपयार्डमध्ये टॉमींसाठी 'थुरिया' बांधली गेली, २०१७ मध्ये. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ज्या 'सुहेली'तून एकट्याने, न थांबता पृथ्वी फिरून आले, ती सुहेली मुंबईत बांधलेली सागवानी नौका. थुरिया ही तिचीच प्रतिकृती. लहानशी, बत्तीस फुटांची, दोन्ही टोकांना निमुळती. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार लागला, त्यांना सोडवून नेले आणि थुरिया समुद्रातच राहिली. मांडवीच्या काठावर बनलेली एक नौका अशी तिकडे गेली, हे आम्हा चोडणकरांपैकी किती जणांना माहीत आहे?

माझ्या लहानपणी पणजीच्या धक्क्याला मुंबईची बोट लागायची. पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या. पावसाळ्यात ती बंद. मंगळुरी कौले घेऊन पातमाऱ्या, म्हणजे मालाची शिडाची गलबते, यायच्या. तिरक्या परबाणावर, म्हणजे शीड बांधायच्या काठीवर, भलेमोठे शीड, मागच्या बाजूला चूल, चुलीवर खलाशाची पेज. बेतीला जायला गाझोलीन, म्हणजे इंजिनाची लहान प्रवासी बोट. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बार्देश यांना जोडून ठेवले ते फेरीबोटींनी आणि नदीत असलेल्या प्रत्येक तरंगत्या वस्तूने. ती गर्दी ज्यांनी पाहिली ते होडीला लाकूड म्हणणार नाहीत. असो. पातमारी आता नदीत येत नाही आणि ती परत येईल असे मला वाटतही नाही. रडगाणे गाण्यासाठी मी हे लिहिलेले नाही.

सडलेले लाकूड जपून काय करायचे, हा पत्रलेखकांचा खरा मुद्दा. त्याला एक उत्तर पोर्तुगालात आहे. आपल्याच दमणमध्ये, नगर-हवेलीच्या सागाचे, 'दों फेर्नांदु सेगुंदु ए ग्लॉरिया' नावाचे लढाऊ शिडाचे जहाज १८४३ मध्ये पाण्यात उतरले. पोर्तुगीज नौदलाचे ते शेवटचे शिडाचे लढाऊ जहाज. १९६३ मध्ये ते आगीत जळाले आणि त्याचा कोळसा झालेला सांगाडा लिस्बनजवळ तेजो नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षे पडून राहिला. तिथेही कोणीतरी वर्तमानपत्राला लिहिले असेलच. १९९२ मध्ये त्यांनी तो सांगाडा बाहेर काढला, दुरुस्त केला, १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात लोकांना दाखवला. आज ते जहाज पलीकडच्या काठावर काशिल्याशला उभे आहे आणि लोक तिकीट काढून त्यात चढतात. दमणच्या सुतारांचे काम बघायला लिस्बनला जायचे आणि रायबंदरचे काम ट्रॅक्टरने उचलायचे, हे मला पटत नाही.

आपल्याला होड्यांचे वेड नाही असेही नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीत विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पाण्यात दिव्यांच्या नौका सोडतात तेव्हा उभे राहायला जागा मिळत नाही. माझे विद्यार्थी पुठ्ठा, कागद आणि लाकडी पट्ट्या घेऊन रात्र रात्र जागत. एका वर्षी आम्ही पातमारी केली होती, तिच्या शिडाचा कोन चुकू नये म्हणून मी मुलांना तीनदा सोडवायला लावले आणि त्यांच्या आयांनी माझ्याशी भांडण काढले. कुंभारजुव्याच्या सांगोडोत्सवात होड्या जोडून त्यावर देखावे उभे राहतात, गणपती त्यावरून जातो. आगशी, शिवोलीकडे सांत पेद्राच्या फेस्ताला, २९ जूनला, होड्या जोडून सांगोड होते. एका संध्याकाळीपुरती होडी आपल्याला देवासारखी. उरलेले वर्ष ती चिखलात.

मग करावे काय? फार मोठे संग्रहालय, त्यात काचेची पेटी, त्यात होडी, असले मला नकोच. काचेत ठेवलेली होडी चार वर्षांत वाळून फाटते. लाकडाला पाणी लागते. मला हवी आहे एक उघडी शेड, पत्र्याची चालेल, नदीच्या काठाला, जिथे दर वर्षी पावसाआधी एखादी जुनी होडी वर ओढून मेस्त तिचे काम करील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसेल. शाळेची मुले तिथे बसून चित्रे काढतील. मेस्ताला त्याची रोजची मजुरी द्यावी. मानपत्र आणि शाल नंतर द्या. आणि पणजीच्या समोरच्या पाण्यात, जिथे संध्याकाळी रोषणाईच्या कॅसिनो बोटी आणि गाण्याच्या क्रूझ बोटी जागा अडवून असतात, तिथे थोडीशी जागा जुन्या आणि वेगळ्या नौकांना बांधून ठेवायला मिळावी. त्यांच्या पुढे मराठी-कोकणीत दोन ओळींचा फलक असावा: कुठे बांधली, कशाची, कशाला वापरली. म्हादईला नौदल कधी निवृत्त करील तेव्हा तिने गोव्याबाहेर जाऊ नये, एवढे आजच कोणीतरी लिहून ठेवावे. नौदलाच्या तळाच्या आत सामान्य माणसाला जाता येत नाही हे मी समजू शकते, पण वर्षातून एका दिवशी ती पणजीच्या धक्क्याला आणून बांधायला हरकत काय?

काठाच्या सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. बाक घाला, झाडे लावा, कचरा जरूर उचला. ट्रॅक्टर येण्याआधी एवढेच करा: प्रत्येक लाकडी होडीचा फोटो काढा, मालक कोण ते वाड्यावर विचारा, आणि लाकडातले कळणारा एक मेस्त सोबत घेऊन फिरा. तो ज्याला गेले म्हणेल ते खुशाल उचला. मी स्वतः वही घेऊन बरोबर यायला तयार आहे, गुडघे दुखतात तरी.

आणि एक विनंती आपल्याकडे, संपादक महोदय. आपण सिनेमांच्या वेळा छापता, फेरीबोटीत बिघाड झाला तर तेही छापता. पणजीच्या भरती-सुकतीच्या वेळा शेवटच्या पानावर एका ओळीत छापाव्यात. मासेमार त्या पंचांगावरून आणि सवयीने ओळखतात. आमच्यासारख्या पाहणाऱ्यांना मात्र पहाटे उठून धक्क्यावर जावे लागते आणि पाणी भरलेले निघाले तर तसेच परत यावे लागते.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
चोडण, तिसवाडी